ज्या आजीचे माहेर कुणी सांगितले नाही

माझ्यापुढे आलेला प्रश्न असा आहे: "माझ्या वडिलांचे वडील अलिबाग तालुक्यातील बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले यहुदी, वडिलांची आई रत्नागिरीकडच्या हिंदू घरातली, आईचे वडील बार्देशातले गोंयकार ख्रिस्ती आणि आईची आई वसईची. वडिलांच्या आईने मला नऊ वर्षांची होईपर्यंत सांभाळले. माझी बोली आणि माझ्या हाताची चव तिचीच आहे. पण १९५७ मध्ये तिने मुंबईत नोंदणी पद्धतीने लग्न केले तेव्हा माहेराने तिचे नाव टाकले आणि तिनेही पुढे माहेराविषयी चकार शब्द काढला नाही. मी डीएनए चाचणी करून घेतली, पण अहवालात भारतीय वंशाचा एक मोठा आकडा आणि बाकी किरकोळ तुकडे आहेत. तिचा एक पितळी तांब्या माझ्याकडे आहे. त्यावर कोरलेले नाव आमच्या घरातल्या कुणाचेच नाही. मी मूळची कोण, आणि शोध कुठून सुरू करू?"

वंशावळी शोधण्याचे आणि मोडी कागद वाचण्याचे काम मी चोवीस वर्षे करीत आहे, आणि त्या अनुभवावरून सांगतो की शोध याच आजीपासून सुरू करावा. लोक सहसा उलट करतात. ज्या आजोबांचे आडनाव लावतो त्यांच्या बाजूला कागद भरपूर सापडतात, म्हणून तिकडे दोन-तीन वर्षे जातात. तोपर्यंत ज्या बाजूला मुळातच कागद कमी होते, तिकडची सांगणारी माणसेही निघून गेलेली असतात. आपल्या चार आजी-आजोबांपैकी तिघांच्या मागे काही ना काही संस्था उभी आहे: सिनेगॉग (यहुद्यांचे प्रार्थनास्थळ), चर्च, गोव्याची नागरी नोंदणी. चौथीच्या मागे फक्त आपण आणि तो तांब्या आहे.

आधी त्या डीएनए अहवालाविषयी, कारण त्यावर आपण पैसे आणि आशा दोन्ही खर्च केल्या आहेत. प्रत्येक आजी-आजोबांकडून नातवंडाला सरासरी २५ टक्के अंश येतो असे म्हणतात, पण ती केवळ सरासरी आहे. वडिलांकडून निम्मा अंश येतो हे ठरलेले असले, तरी त्या निम्म्यात त्यांच्या आईचा किती आणि वडिलांचा किती हे प्रत्येक अपत्यागणिक बदलते. एकीचा वाटा २० टक्क्यांच्या खाली आणि दुसऱ्याचा ३० च्या वर गेल्याची उदाहरणे नेहमीची आहेत. सख्ख्या भावंडांचे अहवालही म्हणूनच एकसारखे येत नाहीत. शिवाय अहवालातील वंशाची नावे ही कंपनीने गोळा केलेल्या नमुन्यांशी केलेली तुलना असते. कोकणातील दोन शेजारच्या जाती वेगळ्या ओळखता येतील इतके बारीक नमुने तिथे नसतात, त्यामुळे आपल्या चारही आजी-आजोबांचा बराचसा भाग एकाच ढोबळ नावाखाली जमा झाला आहे.

तरीही एक गोष्ट मी आपणांस खात्रीने सांगू शकतो. आपण स्त्री आहात, म्हणजे आपल्याकडे दोन एक्स गुणसूत्रे आहेत आणि त्यांपैकी एक वडिलांकडून आलेले आहे. वडिलांकडे एक्स एकच असते आणि ते त्यांना त्यांच्या आईकडूनच मिळते. म्हणून आपल्यातले ते एक अख्खे गुणसूत्र या आजीचे आहे, त्यात आजोबांचा लवलेश नाही. अहवाल देणाऱ्या काही कंपन्या दोन व्यक्तींमध्ये कोणता तुकडा जुळतो हेही दाखवतात. तिच्या माहेरचे एखादे चुलत-मावस भावंड उद्या त्या यादीत आले आणि जुळणारा तुकडा या एक्सवर असला, तर ते नाते तिच्या बाजूचे असण्याची शक्यता मोठी; मात्र तो तुकडा आईकडून आलेल्या एक्सवरचा नाही ना, हे आधी पाहावे. याउलट, केवळ स्त्रियांच्या ओळीने उतरणारा मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए आपणांस वसईच्या आजीकडून आला आहे, आणि बेने इस्रायली आजोबांचे वाय गुणसूत्र आपल्याकडे नाहीच. ते वडिलांकडे किंवा भावाकडे असेल.

आणखी एक समज आधीच दूर केलेला बरा. आपल्या घरातली सरमिसळ १९५७ मध्ये सुरू झाली असे आपण धरून चालला आहात. २०१६ मध्ये बेने इस्रायली समाजाच्या जनुकांचा जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात यहुदी आणि भारतीय असे दोन्ही वंश मोठ्या प्रमाणात आढळले. त्यातही यहुदी वाटा प्रामुख्याने पुरुषांकडून आणि भारतीय वाटा स्त्रियांकडून आल्याचे दिसले. म्हणजे आपल्या आजोबांच्या कितीतरी पिढ्या आधी, नावे न राहिलेल्या कोकणी स्त्रिया त्या घरात आल्या होत्या. आजी त्या ओळीतली, फरक इतकाच की तिचे नाव शोधणारी नात तिला मिळाली. गोवा आणि वसईच्या बाजूला पोर्तुगीज आडनावे आहेत म्हणून अहवालात युरोप दिसायला हवा होता, अशीही शंका आपल्या मनात असावी. ती आडनावे बाप्तिस्म्याच्या वेळी बहुधा पाद्रीकडून किंवा धर्मपित्याकडून मिळालेली आहेत. त्यांवरून रक्त सिद्ध होत नाही.

रक्ताचा हिशेब इथेच थांबवतो. घरात आजी-आजोबांचा वाटा कधीच समसमान नसतो आणि मिश्र कुटुंबांत तर तो फारच विषम असतो. जी बाई माहेर तोडून येते, तिला आपल्याकडचे देण्यासाठी भाचरे नसतात, माहेरवाशिणीचे सण नसतात. जे काही असते ते सगळे एखाद्या नातवंडाच्या पदरात पडते. आपण लिहिले आहे की एलियाहू हन्नाबीच्या (प्रेषित एलियाच्या) नावाने बेने इस्रायली करतात त्या मलिद्याचे पोहे घरात तीच भिजवीत असे, त्यात गूळ, ओले खोबरे आणि वेलची ती घालीत असे आणि प्रार्थना मात्र आजोबा म्हणत. मलिदा सासरचा. पण पोहे किती वेळ भिजवायचे आणि खोबरे कसे खवायचे हे तिने तिच्या आईच्या हाताखाली शिकलेले असणार. अशा घरांत सासरच्या विधीत माहेरचा हात मुरलेला असतो आणि तो वेगळा काढून दाखवता येत नाही. आपण 'मी मूळची कोण' असे विचारता, त्याचे टक्केवारीतले उत्तर माझ्याकडे नाही. पण तिचे शब्द, तिचे म्हणी-उखाणे, भाजीला ती काय म्हणत असे, आत्ताच लिहून काढा. रत्नागिरी जिल्ह्यात दापोलीकडची, संगमेश्वरकडची आणि राजापूरकडची बोली एकसारखी नाही. तिकडच्या जाणत्या माणसाला दहा-वीस शब्द ऐकवले तर तालुका सांगता येण्याची शक्यता बरीच असते.

आता तांब्या. कृपा करून तो चिंच लावून घासू नका. पितळेवरचे कोरलेले नाव ठिपक्या-ठिपक्यांचे असते, पन्नास-साठ वर्षांच्या घासण्याने ते आधीच उथळ झालेले असते, आणि एकदा बुजले की परत येत नाही. कोरड्या फडक्याने पुसून अक्षरांवर चिमूटभर तांदळाची पिठी हलक्या बोटाने फिरवा म्हणजे ती ठिपक्यांत बसेल. मग खोलीत अंधार करून बाजूने, अगदी आडवा, टॉर्चचा उजेड टाका आणि फोटो घ्या. भांडे फिरवीत तीन-चार बाजूंनी फोटो घ्यावेत, कारण एका उजेडात जी वेलांटी दिसत नाही ती दुसऱ्यात दिसते. नावाआधी काय आहे ते नीट पाहा. 'चि. सौ. कां.' असेल तर ती लग्नातली भेट, नुसते 'सौ.' असेल तर नंतरची, 'कु.' किंवा काहीच नसेल तर लग्नाआधीची. शेवटी 'कडून' असेल तर देणाराही सापडला. तारीख बहुधा असते, गाव कधी कधी असते, आणि बुडाशी बनवणाऱ्याचा शिक्का असल्यास त्याचाही फोटो घ्यावा.

आपण म्हणता की ते नाव घरात कुणाचेच नाही. आपल्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलण्याची रीत होती, आणि माहेर तुटलेल्या बाईला जुन्या नावाने हाक मारणारे कुणी उरत नाही. ते नाव आजीचेच असू शकते. माझ्याकडे आलेल्या अशा तीन कुटुंबांत भांड्यावरचे 'परके' नाव शेवटी आजीचे माहेरचे नाव निघाले, आणि त्यांपैकी एका घरात तर सगळी जण त्या नावाला मोलकरणीचे नाव समजत होती. तसे निघाले, आणि तारीख १९५७ ची किंवा नंतरची असली, तर त्याचा अर्थ मोठा आहे. माहेराने नाव टाकल्यावरही कुणीतरी, मामाने असेल, मावशीने असेल, तिला जुन्या नावाने भांडे दिले.

हे 'कुणीतरी' आणखी एका कागदावर सापडू शकते. १९५७ मधले यहुदी आणि हिंदू यांचे नोंदणी विवाह १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली झालेले असणार. त्याआधीच्या १८७२ च्या कायद्यात अशा जोडप्याला आपण ख्रिस्ती, यहुदी, हिंदू वगैरे कोणताही धर्म मानत नाही असे लिहून द्यावे लागे. १९५४ नंतर दोघांनी आपापला धर्म ठेवून लग्न करता येऊ लागले. आपली आजी अखेरपर्यंत देवापुढे दिवा लावीत होती असे आपण लिहिले आहे, ते त्यामुळेच विनासायास शक्य झाले. या कायद्याखालच्या विवाहाला तीन साक्षीदार लागतात आणि त्यांच्या सह्या विवाहाच्या प्रमाणपत्रावर असतात. त्याआधीच्या नोटिशीत वय, व्यवसाय, राहण्याचा पत्ता आणि कायमचा पत्ता द्यावा लागतो. 'कायमचा पत्ता' या रकान्यात तिचे गाव असण्याचा संभव दाट आहे. प्रमाणपत्रांचे पुस्तक कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे पाहण्यास खुले असते आणि प्रमाणित नक्कल मागता येते. अर्जात दोघांची पूर्ण नावे आणि वर्ष द्या. महिना माहीत नसेल तर शोध फीसह संपूर्ण वर्षाचा शोध मागा. नक्कल हातात आली की तीन सह्यांपैकी कोणती सही आजोबांच्या नात्यात बसत नाही ते पाहावे. माहेराकडून एक माणूस आला असेल तर तो तिथे असेल, आणि त्याचे आद्याक्षर तांब्याशी जुळते का हे पाहण्याचा क्षण मी अशा कामात फार मोलाचा मानतो.

गाव कळले की शाळा. जिल्हा परिषदेच्या जुन्या शाळांत जनरल रजिस्टर जपलेले असते. त्यात मुलीचे नाव, वडिलांचे नाव, जात, जन्मतारीख, दाखल झाल्याची तारीख आणि शाळा सोडल्याचे कारण असे रकाने असतात. १९४० च्या दशकातील मुलींची नोंद शोधायची तर हाच सगळ्यांत भरवशाचा कागद आहे, कारण तिथे मुलगी स्वतःच्या नावाने उभी असते. गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदीत, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, पुष्कळदा वडिलांच्या नावापुढे नुसते 'मुलगी' एवढेच असते. सातबारा आणि फेरफारांत भावांची नावे चढतात. बहिणीचे नाव वारस म्हणून लागले असेल आणि पुढे हक्कसोड झाली असेल, तरच ती दिसते. तरीही आजीच्या वडिलांच्या मृत्यूनंतरचा वारस फेरफार जरूर काढा. माहेराने नाव टाकले म्हणजे तलाठ्याच्या दप्तरातूनही ते गेले असे नसते. जुन्या नोंदी मोडीत असतील. त्या वाचायला जाणकार माणूसच लागतो, अंदाजाने वाचू नयेत. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधामुळे राज्यभर जुनी दप्तरे उघडली गेली आहेत, आणि कोणता कागद कुठे आहे हे तालुक्याच्या अभिलेख कक्षात आता पूर्वीपेक्षा लवकर कळते. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीही पाहाव्यात, मात्र तिथे लेकींचा उल्लेख क्वचितच असतो, म्हणून आडनाव आणि गाव हाती आल्यावर तिच्या वडिलांच्या आणि आजोबांच्या नावासाठी तिकडे जावे.

आजोबांच्या बाजूला माझ्या हातून एकदा झालेली चूक सांगतो, म्हणजे आपली होणार नाही. बेने इस्रायली आडनावे गावांवरून पडलेली आहेत, किहीमकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर अशी, आणि त्याच गावांवरून हिंदूंचीही तीच आडनावे आहेत. मी एका कुटुंबासाठी दोन पेणकर एका वंशात जोडले, आणि सहा महिन्यांनी थडग्यावरच्या हिब्रू अक्षरांनी ते खोटे ठरवले. तेव्हापासून मी त्या बाजूला आधी दफनभूमीत जातो. तिथल्या अनेक दगडांवर हिब्रू आणि मराठी दोन्ही असते आणि वडिलांचे नाव हमखास असते. जुन्या पिढीत एकाच माणसाचे एक नाव हिब्रू आणि दुसरे मराठी वळणाचे असे. मुंबईचे पहिले सिनेगॉग १७९६ मध्ये बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर हे लोकांत सामाजी हसाजी म्हणून ओळखले जात. म्हणून दोन्ही रूपे लिहून ठेवा. अलिबाग आणि रेवदंड्याच्या सिनेगॉगांत चौकशी करताना एक मनाशी धरून जा: यहुदी धर्मशास्त्रात मूल आईच्या वंशाचे मानले जाते, आणि या समाजात एके काळी मिश्र विवाहाच्या संततीला 'काळे' म्हणून वेगळे ठेवले जाई. आजोबांचे नाव तिथे सापडेल, आपल्या वडिलांचे बहुधा सापडणार नाही. ते न सापडल्याचे वडिलांना कसे सांगायचे याचा विचार आपणच करावा. मी अशा वेळी साठी ओलांडलेल्या माणसांच्या डोळ्यांत पाणी पाहिले आहे. आजोबांची भावंडे १९४८ नंतर इस्रायलला गेली असतील तर लोद, रामला, अश्दोद, बेअर शेवा किंवा दिमोना इथे चौकशी करा. जुन्या पिढीला पत्र खुशाल मराठीतून लिहा, ते वाचतात.

गोव्याच्या बाजूचे थोडक्यात सांगतो, कारण तिथले काम सोपे आहे. आजोबांचा जन्म पोर्तुगीज राजवटीतला, आणि तिथल्या नागरी जन्मनोंदीत आईवडिलांबरोबर दोन्हीकडच्या आजी-आजोबांची नावे असतात. एका दाखल्यात तीन पिढ्या मिळतात. त्यामागे जायचे तर चर्चची बाप्तिस्म्याची पुस्तके. त्यांतली काही जुनी पणजीच्या पुराभिलेख विभागात आहेत. गाव नक्की नसेल तर आजोबा मुंबईत कोणत्या कुडात, म्हणजे गोंयकारांच्या सामायिक बिऱ्हाडात, उतरत ते विचारा. धोबीतलाव-माझगावचे प्रत्येक कूड एकेका गावाचे असे, त्यामुळे कुडाचे नाव म्हणजेच गावाचे नाव.

रत्नागिरीचे घर सापडले तर लगेच दार वाजवू नका. तिथे आता आजीची भाचरे, नातभाचे असतील; त्यांना कदाचित अशी एक आत्या होती हेच ठाऊक नसेल, किंवा ठाऊक असून त्यांच्यावर ते न बोलण्याचे ओझे असेल. आधी पत्र पाठवा, त्यात आपल्याला जमीनजुमल्यात काहीही स्वारस्य नाही हे पहिल्याच परिच्छेदात स्पष्ट लिहा आणि आजीचा एक फोटो जोडा. वारसाची भीती ही पहिली भीती असते. वडिलांची डीएनए चाचणी करायचा विचार असेल तर त्यांना पूर्ण कल्पना देऊन, त्यांची संमती घेऊनच करावी.

या सगळ्याच्या आधी मात्र एक काम आहे. वसईच्या आजी ८६ वर्षांच्या आहेत आणि त्यांना सगळे आठवते असे आपण एका ओळीत लिहून पुढे गेलात. माझी नजर त्या ओळीवरच अडली. आपण त्यांच्याकडे आईच्या बाजूचा इतिहास विचारायला जाणार आहात, आणि तो विचारावाच. पण त्या आपल्या दुसऱ्या आजीच्या विहीण होत्या. दोघींचे धर्म वेगळे आणि दोघीही आपापल्या माणसांबाहेर लग्न करून आलेल्या. आपल्या जन्माच्या वेळी आईच्या उशाशी दोघी आळीपाळीने बसल्या असतील. बाई नवऱ्याला आणि मुलाला जे सांगत नाही ते विहिणीला सांगते, हे मी पुष्कळदा पाहिले आहे.

त्यांना "तिचे माहेर कुठले" असे थेट विचारू नका; त्या प्रश्नाला "ती कधी बोलली नाही" हेच उत्तर येते आणि विषय मिटतो. वसईकडे मे महिन्यात बाटली मसाल्याची तयारी असते, मिरच्या उन्हात पसरलेल्या असतात, तेव्हा जा आणि हाताशी बसा. मसाला पाहून ती काय म्हणाली होती, ती तिखट कसे करीत असे, तिला कुणाचे पत्र कधी आले होते का, ती कोणत्या दिवशी उपास करी, आजारात कोणत्या देवाचे नाव घेई, असे विचारा. देवाचे नाव कळले तर कुलदैवत कळेल आणि कुलदैवतावरून कुळ. मध्येच सनावळ्या दुरुस्त करू नका, फोनवर ध्वनिमुद्रण चालू आहे हे त्यांना आधी सांगा, आणि एका बैठकीत तासापेक्षा जास्त बसवू नका. जाताना तांब्या पिशवीत घालून न्या, न घासता, आणि बोलणे रंगले की काही न विचारता त्यांच्या हातात द्या.